जू कोणाच्या खांद्यावर?
(शास्त्रभाग : १ राजे १२:१-१६)



शलमोनामागून रहबाम गादीवर आला, तेव्हा आपल्यावरील जू हलके करावे अशी लोकांनी त्यास विनंती केली. वृद्धांचा सल्ला टाकून त्याने ते अधिकच जड केले, आणि दहा वंश त्यास सोडून गेले.

२०१८ साली फ्रान्समध्ये याचीच आठवण झाली. पृथ्वीचे तापमान वाढू नये म्हणून सरकारने इंधनावरील कर वाढविण्याचे ठरविले. हेतू चांगला होता; पण त्याच वर्षी श्रीमंतांच्या संपत्तीवरील कर कमी झाला होता. मोटारीवाचून ज्यांना कामावर जाता येत नाही असे खेड्यापाड्यांतील लोक नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरले. डिसेंबरात करवाढ मागे घ्यावी लागली. तापमानाचे संकट मात्र टळले नाही, आणि तेही गरिबालाच आधी भाजते.

तेव्हा ओझे वाहिलेच पाहिजे; कोणी किती वाहावे, हा प्रश्न आहे. आपण राज्यकर्त्यांना दोष देतो. पण मंडळीची वर्गणी ठरविताना रोजंदारीवरील बंधूला विचारतो काय? ज्याच्या दारी गाडी आहे, त्याने प्रथम पायी चालावे. गलती. ६:२ मधील ख्रिस्ताचा नियम आपल्या घरापासून सुरू होतो.

प्रभू आपणांस तशी बुद्धी देवो. आमेन.