तोट्याने करार सुटत नाही

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातला तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांचा. पाने तोडायच्या आधीच दर ठरलेला असतो. वनहक्क कायदा आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या आधाराने आता अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करून ठेकेदाराशी थेट करार करतात. पुढे बाजार पडला तर ठेकेदाराची ठरल्या दरातून सुटका व्हावी का? होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आणि कायद्याचा इतिहासही तेच सांगतो.

१६४७ मध्ये इंग्लंडात शत्रूच्या फौजेने जमिनीवरून हुसकावलेल्या कुळालाही खंड भरावा लागला. शब्द दिला तो दिला, एवढाच त्या काळचा न्याय. १८६३ मध्ये लंडनमधले भाड्याने ठरलेले संगीतगृह कार्यक्रमाआधीच जळाले, तेव्हा न्या. ब्लॅकबर्न यांनी दोन्ही पक्षांना मोकळे केले, कारण करार ज्या वास्तूवर उभा होता तीच उरली नव्हती. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने कलम ५६ मध्ये याला स्वतःचे रूप दिले: करारानंतर काम अशक्य किंवा बेकायदा झाले, तर करार रद्दबातल. सत्यव्रत घोष खटल्यात १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘अशक्य’चा अर्थ रुंदावला; कराराचा पायाच ढासळला का, हे पाहायचे. मात्र त्याच खटल्यात युद्धासाठी सरकारने जमीन ताब्यात घेतली एवढ्याने करार संपत नाही, असेही ठरले. १९६० मध्ये सैन्याला तूप पुरवणाऱ्यांनी युद्धकाळातल्या वाढत्या खर्चाकडे बोट दाखवून जादा मोबदला मागितला. तोही नाकारला गेला. अशक्य होणे वेगळे आणि महाग पडणे वेगळे, ही रेघ तेव्हापासून पुसली गेलेली नाही.

चंद्रपूरला ही रेघ नीट दिसते. १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत जिल्ह्यात दारूबंदी होती. तिथे दारू पुरवण्याचा आधीचा करार बेकायदा ठरून संपला. पण दुकानाच्या गाळ्याचा भाडेपट्टा कलम ५६ मुळे संपत नाही, कारण पट्ट्याने जागेचा ताबा आधीच दिलेला असतो. हे १९६८ च्या निकालाने स्पष्ट केले आहे. धंदा बसला तरी भाडे चालूच.

तेंदूला हाच नियम लावून पाहा. ठरलेल्या युनिटमधली, म्हणजे लिलाव झालेल्या जंगलपट्ट्यातली, पाने गारपिटीने गेली, तर ठेकेदार मोकळा होऊ शकतो. एका ठराविक शेतातल्या बटाट्यांवर रोग पडला तेव्हा १८७६ मध्ये इंग्लंडात असेच ठरले होते. पण चांगली पालवी फुटावी म्हणून त्याच्याच माणसांनी आग लावली असेल, तर स्वतः ओढवलेल्या संकटाची सबब चालणार नाही. आणि करार संपला तरी उचललेल्या पानांचे पैसे कलम ६५ प्रमाणे द्यावेच लागतात.

हा नियम लहान ठेकेदाराला कठोर आहे, असा आक्षेप घेतला जाईल. आहेच; पण भाव चढला तर ग्रामसभेलाही जुन्याच दराने पाने द्यावी लागतात, ठेकेदार आपला जादा नफा वाटायला येत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा: ठेकेदारच बुडाला, तर न्याय ग्रामसभेच्या पदरात काय टाकणार? त्याचे उत्तर कायद्याच्या तत्त्वात नाही, कागदात आहे. वरोऱ्याच्या जीएमआर वीजप्रकल्पाला २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलासा मिळाला तो कलम ५६ मधल्या विफलतेच्या (करार अशक्य होण्याच्या) तत्त्वावर नव्हे, तर कायदा बदलल्यास भरपाई देण्याचे कलम करारातच होते म्हणून. वीज कंपनीचा वकील जे आधी लिहून घेतो, ते ग्रामसभेनेही लिहून घ्यावे: नवा कर कोणी भरायचा, आग-गारपिटीत काय, अनामत किती, आणि पैसे मिळाल्याशिवाय गोणी फळीवरून (पाने गोळा करण्याच्या केंद्रावरून) हलणार नाही.