भांडण दोघांचे, उपास तिसऱ्याचा



दिवाळी सरली की कृष्णाकाठचे साखर कारखाने सुरू होतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि कराडपासून पलूसपर्यंत शिवाराशिवारांत त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांना तेव्हा कोणी ‘बाहेरचे’ म्हणत नाही, कारण ऊस तोडायला कोयता हवा असतो. मात्र गरज संपली, किंवा निवडणूक जवळ आली, की पोटासाठी आलेला माणूस वादाचा विषय होतो. अशा वादात पक्षांनी भांडावे, यात नवल नाही. पण त्या भांडणात तिसऱ्याच माणसाच्या हालांचा शस्त्र म्हणून वापर करावा काय? या रविवारी आपण या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

अमेरिकेत २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस सरकारी कामकाज अंशतः बंद पडले होते. बाहेरून येणाऱ्यांना रोखण्यासाठी मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते आणि विरोधी पक्ष ते द्यायला तयार नव्हता. खर्चाचा कायदाच अडला आणि सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना बिनपगारी कामावर जावे लागले. विमानतळावर सामान तपासणारे कर्मचारी मोफत अन्नवाटपाच्या रांगेत उभे राहिले. भिंत बांधा किंवा बांधू नका, असे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. अखेर भिंतीच्या पैशांशिवायच कामकाज सुरू झाले आणि पगार मागाहून मिळाला. भांडणाऱ्या लोकप्रतिनिधींचा पगार मात्र एक दिवसही थांबला नव्हता!

आपल्याकडे असे घडत नाही. लोकसभेने अंदाजपत्रक फेटाळले तर सरकारलाच पायउतार व्हावे लागते. पण म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. २०२० सालची टाळेबंदी आठवा. राज्यातील सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या आसऱ्याला अडकले होते. १७ एप्रिलला सरकारने परवानगी दिली, तेव्हा कुठे त्यांना घरची वाट दिसली. १ मेपासून परराज्यांतील मजुरांसाठी श्रमिक गाड्या सुटू लागल्या, तोच त्यांचे भाडे कोणी द्यायचे यावरून पक्षापक्षांत जुंपली. ८ मेच्या पहाटे, त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, चालून चालून दमलेले १६ मजूर रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली चिरडले गेले.

त्यानंतर तरी सर्वांनी शहाणे व्हायला हवे होते. पण त्याच महिन्यात काँग्रेसने आणलेल्या बसगाड्या उत्तर प्रदेशच्या सीमेवर अडल्या. यादीत काही क्रमांक बसचे नसून रिक्षा-दुचाकींचे आहेत, यावरून वाद पेटला आणि गाड्या रिकाम्याच परतल्या. २४ मे रोजी आपले मुख्यमंत्री म्हणाले, गाड्या पुरेशा मिळत नाहीत. रेल्वेमंत्री म्हणाले, १२५ गाड्या देतो, तासाभरात याद्या द्या. मध्यरात्र उलटल्यावर त्यांनी जाहीर केले की ४६ गाड्यांचीच यादी आली. खरे कोण आणि खोटे कोण, यावर चर्चा रंगल्या. आम्हीही दूरदर्शन संचापुढे बसून कोणी कोणावर मात केली हेच पाहत होतो. करमाडच्या रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आठवले, तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मतभेद असणे हे पाप नव्हे. संपन्न देशांनी आपल्या शक्तीप्रमाणे परक्याला आसरा द्यावा, असे ख्रिस्तसभा शिकवते. शासनाने सर्वांच्या हितासाठी त्यावर अटी घालाव्यात, आणि येणाऱ्याने त्या भूमीचे कायदे व परंपरा जपाव्यात, हेही तीच सांगते. तेव्हा ‘किती लोकांना येऊ द्यावे’ या प्रश्नावर दोन सज्जनांची दोन मते असू शकतात.

मग चुकते कुठे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हेतू आणि परिणाम यांतील भेद आमच्याकडून घोटून घेतला जाई. शस्त्रक्रियेत वेदना होतात, पण रोग बरा होतो तो वेदनेमुळे नव्हे. वेदना टाळता आली तर डॉक्टर ती आनंदाने टाळील. अडवणुकीचे उलट आहे. तेथे वेदनाच काम करते. तिसऱ्याचे हाल थांबले तर डावच फसतो. म्हणून ते हाल चालू राहावेत, अशी इच्छा मनात येऊ लागते. माणूस अशा रीतीने केवळ साधन झाला, की आपली बाजू कितीही न्यायाची असली तरी हात मळलेच.

कोणी विचारील, मग संपाचे काय? मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा आठवडाभर संप झाला, तेव्हा लोकांची कामे खोळंबलीच ना? खरे आहे. संप करणारा निदान आधी स्वतःची मजुरी पणाला लावतो, हा फरक मोठा आहे. तरीही जाब विचारायचा सरकारला आणि ताटकळायचे रोग्याने, हा प्रश्न त्यालाही टाळता येत नाही.

आणि परका म्हणजे तरी कोण? विटा, खानापूर, आटपाडीचे गलाई बांधव सोन्याचांदीच्या कामासाठी भारतभर पसरले आहेत. साताऱ्याच्या डोंगराळ गावांतली माणसे मुंबईत माथाडी म्हणून ओझी वाहत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काचा हुकूम काढला, तेव्हा आपल्याही काही घरांत चूल थंडावल्यासारखे झाले. २०२० साली मुंबईहून परतणाऱ्या आपल्याच माणसांना अडवायला गावोगावच्या रस्त्यांवर काट्या टाकल्या गेल्या. आपली माणसे परकी व्हायला एक आजार पुरला! हेरोदाच्या भीतीने मिसर देशात गेलेले पवित्र कुटुंबही तेथे परकेच होते.

म्हणून पुढच्या वेळी कोणताही पक्ष, आपल्या आवडीचा असला तरी, ‘आता माघार नाही’ असे म्हणेल, तेव्हा आपण एवढेच विचारू या : याची किंमत कोण मोजतो आहे? उत्तर ‘दुसराच कोणी’ असे आले, तर आपल्या पक्षाला तसे सांगण्याचे धैर्य दाखवू या. आणि या आठवड्यात जवळच्या कोपीपर्यंत जाऊन, तिथली मुले शाळेत जातात का, एवढी चौकशी तरी करू या. प्रभू आपणां सर्वांना ती सद्बुद्धी देवो.