दडपण, कौशल्य आणि सराव

अटीतटीच्या क्षणी नामवंत खेळाडू चुकला की त्या चुकीचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्याची सवय प्रेक्षकांना, समालोचकांना आणि पुष्कळदा प्रशिक्षकांनाही जडलेली असते. ‘दडपण पेलवले नाही’ एवढ्या एका वाक्यात निकाल लागतो, आणि काही खेळाडू उपजतच खंबीर तर बाकीचे कच्च्या मनाचे, अशी विभागणी पक्की होऊन बसते. क्रीडामानसशास्त्राच्या अभ्यासातून पुढे येणारे चित्र मात्र वेगळे आहे. दडपणाचा परिणाम शरीराची अवस्था, खेळाडूचे लक्ष आणि खेळाचे स्वरूप या तिन्हींच्या मेळातून ठरतो. त्यामुळे दडपण पेलणे हा स्वभावापेक्षा अधिक शिक्षणाचा आणि सरावाचा विषय ठरतो.

या चर्चेत तीन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. उत्तेजन म्हणजे शरीर आणि मन यांची सज्जता: अनुकंपी चेतासंस्था कार्यरत होते, ॲड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात. ही अवस्था मुळात ना चांगली असते, ना वाईट. तिला अपयशाच्या भीतीची जोड मिळाली की ती दुश्चिंता होते, आणि तिचे पुन्हा दोन पदर असतात. मनात घोळणारे शंकाकुशंकांचे विचार हा एक, तर घशाला पडणारी कोरड आणि हातांचा कंप यांसारखी शारीरिक लक्षणे हा दुसरा. ताण या दोहोंपेक्षा व्यापक असतो. समोरची मागणी आपल्या क्षमतेबाहेरची आहे असे वाटू लागले की तो निर्माण होतो, आणि त्याची मुळे मैदानाबाहेर, नोकरीत, दुखापतीत किंवा घरच्या अपेक्षांतही असू शकतात.

उत्तेजन वाढत जाते तशी एका मर्यादेपर्यंत कामगिरी सुधारते आणि त्यापुढे ती ढासळते, हा नियम यर्क्स आणि डॉडसन यांच्या 1908 सालच्या संशोधनाच्या आधारे सांगितला जातो. ते प्रयोग खेळाडूंवर नव्हे, तर विजेचे सौम्य-तीव्र धक्के देऊन उंदरांवर केलेले होते. तरीही कठीण काम शिकताना अतितीव्र धक्का अपायकारक ठरतो, हे त्यांचे निरीक्षण खेळाला दिशा देणारे ठरले. पुढे युरी हानिन यांनी दाखवून दिले की सर्वांना लागू पडणारी एकच आदर्श पातळी नसते. एखादा खेळाडू बऱ्यापैकी अस्वस्थ असताना सर्वोत्तम खेळतो, तर दुसऱ्याला त्यासाठी शांतताच लागते. लू हार्डी यांनी आणखी एक मुद्दा मांडला. मनातील चिंता मोठी असताना शारीरिक उत्तेजन वाढत गेले, तर कामगिरी हळूहळू उतरत नाही, ती एकदम कोसळते, आणि मग उत्तेजन थोडे कमी करून ती लगेच पूर्वपदावर येत नाही.

खेळाच्या स्वरूपाचा प्रश्न कबड्डी आणि नेमबाजी शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होतो. तीस सेकंदांच्या चढाईत वेग, ताकद आणि आवेश यांना मोल असते, त्यामुळे वाढलेले उत्तेजन चढाईपटूच्या उपयोगी पडते. मात्र ते अती झाले की लक्षाचा परीघ आकसतो, नजर बोनस रेषेवर खिळते आणि बाजूने झेपावणारा कोपरारक्षक दिसत नाही. पन्नास मीटर रायफल प्रकारात लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम 10.4 मिलिमीटर असतो, आणि तेथे हृदयाचा ठोकाही नेम हलवू शकतो. ठोके मंदावणाऱ्या आणि हातांचा कंप कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांवर नेमबाजीत बंदी आहे ती याच कारणाने. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याला अशा औषधापायी दोन पदके गमवावी लागली.

तरीही सर्वांत मोठी हानी हृदयाच्या ठोक्यांमुळे नव्हे, लक्ष चुकीच्या जागी गेल्यामुळे होते. सायन बेलॉक आणि थॉमस कार यांनी 2001 मध्ये गोल्फवर केलेल्या अभ्यासातून असा निष्कर्ष काढला की, अंगवळणी पडलेल्या कौशल्याच्या एकेका पायरीवर दडपणाखाली जाणीवपूर्वक पाळत ठेवली की त्या कौशल्याची सलगता मोडते. अमेरिकेचा नेमबाज मॅट एमन्स 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या रायफल प्रकारात सुवर्णपदकाच्या उंबरठ्यावर होता, पण अखेरची गोळी त्याने शेजारच्या स्पर्धकाच्या लक्ष्यावर झाडली आणि तो आठव्या क्रमांकावर गेला. स्वतःला शांत करण्याच्या नादात लक्ष्यावरचा क्रमांक पाहायचाच राहिला, असे त्याने नंतर सांगितले. याचा अर्थ गंभीरपणे घेतला पाहिजे. शांत राहण्याचा प्रयत्न हेच तेथे लक्ष वेधून घेणारे दुसरे काम झाले, आणि रोजच्या क्रमातील एक साधी पायरी निसटली. बीजिंगमध्येही त्याच प्रकारात अखेरच्या गोळीने त्याचे पदक हुकले; परंतु त्याच खेळाडूच्या नावावर अथेन्सचे सुवर्ण, बीजिंगचे रौप्य आणि लंडनचे कांस्य अशी तीन ऑलिंपिक पदके आहेत. त्याला कच्च्या मनाचा म्हणणारी उपपत्ती या वस्तुस्थितीपुढे टिकत नाही.

म्हणूनच ‘शांत राहा, दडपण घेऊ नकोस’ हा उपदेश सद्हेतूने केलेला असला तरी अपुरा ठरतो. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 मधील प्रयोगांत गायन, भाषण आणि गणित या कामांपूर्वी ज्यांनी धडधडीला उत्साह मानले, त्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. ही कामे खेळाची नसली तरी त्यांतील तत्त्व खेळाडूला उपयोगी आहे: धडधड थांबवणे कठीण असते, तिचा अर्थ बदलणे तुलनेने सोपे. त्याला दोन गोष्टींची जोड हवी. पहिली, श्वासापासून नजरेपर्यंतचा ठरलेला पूर्वक्रम, ज्यामुळे लक्षाला नेमके काम मिळते; दुसरी, सरावातच प्रेक्षक, गुणफलक, वेळेची मर्यादा आणि बाद होण्याची शक्यता आणणे, म्हणजे स्पर्धेतील अवस्था शरीराला अनोळखी राहत नाही.

एमन्सच्या हातून निसटलेल्या त्याच प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले; अंतिम फेरीत एकेक स्पर्धक बाद होत असताना त्याने 451.4 गुणांपर्यंत मजल मारली. अशा यशाचा गौरव करताना पोलादी मनाचे कौतुक होते, पण पोलाद घडवावे लागते हे विसरले जाते. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या प्रशिक्षणात धावणे, व्यायाम आणि तंत्र यांना जसे वेळापत्रकात स्थान असते, तसेच दडपणाखालील सरावालाही असले पाहिजे. चुकलेल्या खेळाडूच्या स्वभावावर निकाल देण्यापूर्वी त्या क्षणाची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेतली होती का, हा प्रश्न प्रशिक्षकांनी, संघटनांनी आणि पालकांनी आधी स्वतःला विचारावा.