पालातली वीज

मार्गशीर्षातली पहाट. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावात खंडोबाच्या यात्रेची पालं अजून अंधारात आहेत. खांबावरून आलेल्या एकाच वायरीवर पाच-सहा पालं जोडलेली, प्रत्येकात एक पिवळा बल्ब. कुणीतरी आंघोळीसाठी बादलीत रॉड सोडून बटन दाबतो, आणि शेजारच्या पालातला उजेड एकदम मलूल होतो. तो मलूल उजेड दिसला की माझा जीव धास्तावतो.

पाण्याच्या बाबतीत आपण असं बेहिशेबी वागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा घराघरात घागर मोजली गेली. विजेला घागर नाही, म्हणून ती किती घेतली हे कळत नाही. पण हिशेब सोपा आहे. एलईडी दिवा नऊ वॅटचा, रॉड दीड हजारांचा. म्हणजे एक बादली तापवताना दीडशेहून जास्त दिव्यांची वीज लागते. 230 व्होल्टला ते साडेसहा अँपियर होतात. बारीक वायर आणि लहान पिनेचा बोर्ड यांना हा भार झेपणारा नव्हे. त्यात करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. उरलेली वायर गुंडाळून सतरंजीखाली सारली, तर त्या उष्णतेला वाटही मिळत नाही. यात्रा जनावरांची. पालाशेजारी कडबा रचलेला असतो.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे हात मी पाहिले आहेत. फ्यूज वितळून वायर वाचवतो. तिथे जाड तार आली की वितळायची पाळी वायरीवर येते. आकडा टाकून घेतलेल्या विजेला तर एवढीही राखण नसते.

आणि माणसाचं काय? भार वाढला की आपोआप पडणारा एमसीबी असला तरी शॉकपासून तो वाचवत नाही. जीव घ्यायला लागणारा करंट इतका थोडा असतो, की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. शॉकपासून वाचायला तीस मिलिअँपियर करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवं. सांडलेलं पाणी, ओली माती, अनवाणी पाय आणि पाणी तापलं का ते पाहायला बादलीत घातलेला हात, हे सगळं पालात रोज एकत्र येतं. रॉड पाण्यात बुडवल्यावरच बटन दाबावं. बटन बंद करून पिन उपसल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. घरातल्या लेकराला हे आंघोळीआधी सांगायचं असतं.

यंदा जायचं ठरलं, तर शेजारच्या पालात आधी विचारीन, "मावशी, तुमचं पाणी कधी तापवताय?" टँकरपुढे नंबर लावून उभी राहिलेली माणसं आपण. विजेलाही नंबर लावू. मावशींचा रॉड निघाला की मग आमचा.