रानातले आणि गावातले

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता सेलू तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने आम्हांस प्रार्थनेसाठी बोलावले होते. प्रार्थना आटोपली, पाने वाढली गेली, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर काळ्या मसाल्यातला मटणाचा रस्सा पुढे आला. आम्ही तो दोनदा मागून घेतला. हात धुवायला मोरीकडे गेलो, तेव्हा यजमान जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, बजारातलं नोहे हे. आपल्याच वावरातलं हाय. गावडुकरापेक्षा लय ताकद असते यात." मग थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "त्यानं आमचं सोयाबीन खाल्लं, आमी त्याले खाल्लं. हिशेब फिटला."

त्यांचा दहा वर्षांचा मुलगा अशक्त आहे. त्याला प्रथिने अधिक द्या, असे डॉक्टरांनी सांगितलेले. आईने त्याच्या ताटात चार फोडी जास्त टाकल्या होत्या, आणि त्या टाकताना, कोणी विचारले तर बकऱ्याचे होते म्हणून सांगायचे, असे त्याला बजावलेही होते. ते आम्ही ऐकले होते, मात्र त्याचा अर्थ मोरीपाशी उमगला. आम्ही काहीही बोललो नाही. आशीर्वाद देऊन निघालो.

वाटेत दोन प्रश्न मनात घोळत राहिले. एक सोपा होता. रानातल्या मांसात खरोखरच ताकद अधिक असते काय? दुसरा सोपा नव्हता, म्हणून आम्ही पहिल्यापासूनच आरंभ केला. माणसे बहुधा असेच करतात.

आहारशास्त्राचे तक्ते प्रथम यजमानांच्या बाजूने बोलतात. रानडुकराच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २१ ग्रॅम प्रथिने व ३ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. उष्मांक १२० च्या घरात. पाळीव डुकराच्या पोटाकडचे मांस तितकेच घेतले, तर चरबी ५० ग्रॅमच्या वर जाते, प्रथिने जेमतेम ९ ग्रॅम उरतात आणि उष्मांक पाचशे ओलांडतात. पण त्याच पाळीव डुकराच्या कण्यालगतचा, चरबी काढून टाकलेला तुकडा तराजूत घाला. २१ ग्रॅम प्रथिने, २ ग्रॅम चरबी, ११० उष्मांक! रानाचा विजय इथेच संपतो. शिवाय थायमिन, म्हणजे 'ब १' जीवनसत्त्व, डुकराच्या मांसाइतके दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या मांसात क्वचितच मिळते. शंभर ग्रॅम निव्वळ मांसात प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. लोहाच्या बाबतीत हरणाचे मांस सरस ठरते, सुमारे ३ मिलिग्रॅम. पाळीव डुकराचे १ च्या आगेमागे. आणि ज्या सोयाबीनवर ते रानडुक्कर पोसले गेले, त्याच्या शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत ३६ ग्रॅम प्रथिने असतात. कोरडा दाणा आणि ओले मांस यांची तुलना काटेकोर नाही, हे आम्ही जाणतो. तरीही त्या घरात सोयाबीनचे पोते अडत्याकडे जाते, कोंबडीची अंडी बाजारात जातात, आणि मुलाच्या अंगी ताकद यावी म्हणून रात्री रानात जावे लागते, ही गोष्ट मनातून जात नाही.

तुलना करताना आणखी एक मौज लक्षात आली. आम्ही दोन प्राणी म्हणून ज्यांची तुलना करीत होतो, ते मुळात एकच आहेत. प्राणिशास्त्रज्ञ रानडुकराला 'सुस स्क्रोफा' म्हणतात. पाळीव डुक्कर त्याचाच वंशज. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या भूमीत, आणि तिकडे चीनमध्ये स्वतंत्रपणे, माणसाने त्याला कुंपणात घेतले. जो आत राहिला त्याला आयते खाणे मिळाले, धावणे उरले नाही, आणि माणसानेही पिढ्यानपिढ्या लवकर वजन धरणारी जनावरेच वंशासाठी राखली. जो बाहेर राहिला तो धावत राहिला. चरबीतला फरक हा कुंपणाचा फरक आहे. वर्धा जिल्ह्यातील रानडुक्कर तर निव्वळ रानावर जगतच नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, भुईमूग हे त्याचे अन्न. गावातल्या डुकराला आपण टाकलेले मिळते. रानातले आपण न दिलेले घेते.

मग एकाविषयी इतका आदर आणि दुसऱ्याविषयी इतकी किळस का? महाराष्ट्रातील कितीतरी जातींत रानडुकराची शिकार मानाची समजली गेली, त्याच घरांत गावडुकराचे नाव काढणेही निषिद्ध होते. गावडुक्कर पाळणारे गावकुसाबाहेरचे गरीब, आणि त्यांच्याविषयीचा तिटकारा त्यांच्या जनावरालाही चिकटला. 'ताकद' हा शब्द पुष्कळदा हा तिटकारा झाकण्यासाठी वापरला जातो, असे आमचे मत आहे. आम्ही ख्रिस्ती लोकही यातून सुटलेलो नाही. गोव्यात सणाला सोरपोतेल रांधतात. आमच्या धर्मग्रामातील अनेक घरांत मात्र शेजारी काय म्हणतील म्हणून डुकराचे मांस चुलीवर चढत नाही, रानडुकराचे निर्धास्त चढते. यापो येथे पेत्राला झालेला दृष्टान्त आम्ही दरवर्षी वाचतो. त्यातली चादर आणि जनावरे सर्वांना आठवतात, पण त्यामागोमाग दाराशी आलेली कर्नेल्याची माणसे विसरली जातात. तो दृष्टान्त त्या माणसांसाठीच होता.

किळसेला आरोग्याचा आधार नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या आतड्यात येतो. परंतु मेंदूत गाठी होऊन फेफरे येते, ते त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, दूषित पाणी व न धुतलेली भाजी यांच्या मार्गाने. ज्याने जन्मात डुकराचे मांस चाखले नाही त्यालाही हा आजार होऊ शकतो. उघड्यावर बसणारे आपण, आणि नाव डुकराचे! रानडुकरातही कृमी असतातच. दोन्ही मांसे आतपर्यंत नीट शिजवावीत, एवढेच सांगणे.

इथवर सोपा प्रश्न झाला. अवघड प्रश्न त्या मुलाचा आहे.

सेवाग्राम आमच्यापासून दूर नाही. १९३६ साली गांधीजी तिथे राहावयास आले. मांस आणि ताकद यांचा संबंध त्यांनीही लहानपणी जोडून पाहिला होता. इंग्रज मांस खातो म्हणून बलवान, असे एका मित्राने पटविल्यावरून राजकोटात त्यांनी चोरून बकऱ्याचे मांस खाल्ले, आणि त्या रात्री पोटात जिवंत बकरे ओरडते आहे असे त्यांना भासत राहिले. तरीही वर्षभर अधूनमधून हे चालूच होते. शेवटी त्यांनी ते सोडले, पण मांस वाईट आहे असे वाटले म्हणून नाही. घरी आल्यावर आज भूक नाही असे आईला सांगावे लागे, ते त्यांना सोसेना. मांसाविषयीचा त्यांचा विचार पुढे विलायतेत पक्का झाला. आधी सुटला तो खोटेपणा.

हे आठवले आणि आमचे मोरीपाशी गप्प राहणे आम्हांस टोचू लागले. ताटातली प्रथिने मुलाच्या अंगी लागतील न लागतील. त्यांच्याबरोबर वाढलेले खोटे नक्की लागेल, आणि त्याच्या धर्मगुरूने दोनदा मागून घेऊन त्यावर शिक्का मारला होता.

पण बापाला खोटे का शिकवावे लागते, हेही पाहिले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी अधिकाऱ्याकडून मिळण्याची तरतूद त्यात आहे. मात्र मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते, शेतकऱ्याच्या चुलीवर ते येऊ शकत नाही. कायद्यामागचे कारण आम्हांस मान्य आहे. मांसाला वाट मोकळी झाली की पीक राखण्याचे निमित्त होईल आणि रान रिकामे होईल. तारेचा फास तर काहीच निवडीत नाही. ब्रह्मपुरीकडून आणून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, पीक राखण्यासाठी वीज सोडलेल्या कुंपणाला लागून मेली. अशा तारांना माणसेही बळी पडली आहेत. तेव्हा 'हिशेब फिटला' हे यजमानांचे वाक्य आम्हांस मान्य करता येत नाही. त्या हिशेबात ज्यांनी काही खाल्ले नाही त्यांचेही जीव धरले जातात.

मात्र दुसरी बाजूही फिटलेली नाही. २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ पाहण्यास शहरातून गाड्या येतात, आम्हीही एकदा पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. वाघाला भक्ष्य हवे, आणि त्या भक्ष्याला रात्रीचे जेवण कोणाच्या वावरात मिळते, हे गाडीतून दिसत नाही. रान सर्वांचे आणि त्याचा खर्च मात्र काठावरच्या दहा-वीस गावांचा, ही वाटणी न्यायाची आहे असे कोणत्या व्यासपीठावरून सांगावे?

डिसेंबरात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो आणि मोरीपाशी बोलायचे राहिलेले सारे बोललो. आमची चूक आधी सांगितली. यजमानांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "फादर, एक रात मचाणावर या, मंग सांगा."

आम्ही गेलो. तूर शेंगांनी लवलेली होती. मुलगा गोधडीत गुरफटून बॅटरी धरून बसला होता. सकाळी त्याची शाळा होती. दोनच्या सुमारास ओढ्याकडून खसफस ऐकू आली, मग घुरघुर. बापाने तेलाचा रिकामा डबा बडवायला सुरुवात केली, मुलाने उजेड टाकला, आणि आम्हीही न कळत ओरडू लागलो. काळी पाठ असलेली पाच-सहा जनावरे धुरा ओलांडून पलीकडे गेली. बाप डबा खाली ठेवून बिडी पेटवू लागला. थोड्याच वेळात शेजारच्या वावरातून डबा वाजू लागला.