नेम, प्रमाद आणि जखमी हरीण

शोकात्मिकेच्या मीमांसेत 'हामार्तिया' ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिचे मूळ क्षेत्र कोणते, याचा सहसा विचार होत नाही. मराठी समीक्षेत तिच्यासाठी 'प्रमाद', 'दोष', 'शोकात्म दोष' असे पर्याय योजले गेले. ज्या ग्रीक क्रियापदापासून ही संज्ञा सिद्ध झाली, ते होमरच्या महाकाव्यात फेकलेला भाला लक्ष्याला न लागता निघून जाण्यासाठी येते. प्रमाद म्हणजे मुळात चुकलेला नेम होय. या रूपकाने नीतिविचारात आणि काव्यशास्त्रात प्रवेश केला, तेव्हा एक गोष्ट मात्र मागे राहिली. शोकात्मिकेत प्रमादाचे फळ मुख्यतः प्रमाद करणाऱ्याला भोगावे लागते. शिकारीत नेम चुकतो एकाचा आणि भोगतो दुसराच. रूपक पुन्हा त्याच्या मूळ भूमीवर नेऊन ठेवले, तर त्यात कोणता नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे हरणाच्या शिकारीच्या उदाहरणावरून तपासता येते.

'नेम चुकणे' हा वाक्प्रचार दोन अगदी भिन्न घटनांना सारखाच लावला जातो. गोळी हरणाला न लागता गेली, तर ते पळून जाते आणि शिकारी हसण्याचा विषय होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील शिकारी तळांवर अशा माणसाच्या सदऱ्याचा मागचा भाग कापून घेण्याची जुनी प्रथा आहे. परंतु गोळी हृदय-फुप्फुसांच्या जागेऐवजी पोटात किंवा पायात लागली, तर हसण्यासारखे काही उरत नाही. ही मर्माची जागा मध्यम आकाराच्या हरणात जेमतेम वीतभर रुंद असते. पोटात गोळी लागलेले जनावर झाडीत शिरते आणि कित्येक तास तडफडून मरते. शिवाय ज्याच्या फुप्फुसातून गोळी गेली, ते हरीणही बहुधा जागीच न कोसळता काही अंतर धावते. त्यामुळे 'लागलीच नाही' असे शिकाऱ्याला प्रामाणिकपणे वाटू शकते, आणि ते वाटणे त्याच्या सोयीचेही असते.

येथे ॲरिस्टॉटलच्या 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'तील एक विभाजन उपयोगी पडते. पाचव्या भागात तो दुसऱ्याला पोचणाऱ्या इजेचे प्रकार वेगळे करतो. इजा अपेक्षेबाहेरची असेल तर तो दुर्दैवी अपघात. ती अपेक्षेबाहेरची नसेल, पण दुष्ट हेतूही नसेल, तर तो प्रमाद. आणि जाणूनबुजून केली असेल तर तो अन्याय. अपघातात कारणाचा उगम कर्त्याच्या बाहेर असतो, प्रमादात तो कर्त्याच्या ठायी असतो. चाप ओढला जात असतानाच हरणाने पाऊल टाकले, तर तो अपघात. वर्षभर बंदूक हाती न धरता, दुर्बिणीची जुळणी न तपासता हंगामाच्या पहिल्याच दिवशी बार टाकला, तर तो प्रमाद. आणि अंतर आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, श्वास लागला आहे, हात कापत आहेत, हे जाणवत असतानाही 'लागली तर लागली' म्हणून चाप ओढला, तर त्याला प्रमाद म्हणणे ही सवलत ठरेल. तो अन्यायाच्याच जवळ जातो.

या तिन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारी घटना मात्र एकच असू शकते. १९७६मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी 'नैतिक दैवा'चा जो प्रश्न मांडला, तो येथे नेमका उभा राहतो. दोन शिकारी सारख्याच निष्काळजीपणे बार टाकतात. एकाची गोळी पाठीवरून जाते, दुसऱ्याची पोटात घुसते. पहिल्याला चेष्टा वाट्याला येते, दुसऱ्याला अपराधभाव. फरक वीतभराचा, आणि तोही त्यांच्या हातातला नव्हे. निष्काळजीपणा मोजायचा तर दोघे सारखेच दोषी आहेत, असे मानावे लागते. पण त्यावरून दुसऱ्यावर अधिक काही जबाबदारी येत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. दोष सारखा असला तरी ऋण सारखे नसते. दुसऱ्या शिकाऱ्याच्या समोर आता एक जखमी जीव आहे.

म्हणजे चुकलेल्या नेमाचे नैतिक मूल्यमापन चाप ओढण्याच्या क्षणावर खिळवून चालत नाही. ते त्या क्षणाच्या आधी आणि नंतर पसरलेले असते. नॉर्वेतील नियमांत ही जाण दिसते. तेथे मोठ्या हरणांच्या शिकारीसाठी दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. त्यापूर्वी ३० बारांचा सराव आणि चाचणीत १०० मीटरवरून सलग ५ अचूक बार अपेक्षित असतात. शिवाय जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध असावा लागतो. पहिली अट आधीची, दुसरी नंतरची. मराठीत 'नेम' या एकाच शब्दाला लक्ष्यवेध आणि नित्य पाळायचे व्रत असे दोन्ही अर्थ आहेत. सरावाचा नेम मोडला की बंदुकीचा नेम चुकतो, हे त्या शब्दातच सामावले आहे. कौशल्य ही येथे केवळ गुणवत्ता राहत नाही, ते कर्तव्य होते.

साहित्याने मात्र या 'नंतर'कडे फारसे पाहिलेले नाही. भारतीय परंपरेतील शिकारीच्या मोठ्या कथांत नेम चुकतच नाही, ओळख चुकते. दशरथाचा शब्दवेधी बाण अचूक लागतो, पण पाणी पिणाऱ्या हत्तीच्या ऐवजी घडा भरणाऱ्या मुनिकुमाराला. मौसलपर्वातील जरा व्याध हरीण समजून बाण सोडतो, तो कृष्णाच्या तळपायात रुततो. दशरथाच्या कथेत विद्ध झालेला बोलतो, आणि त्या बोलण्यातून मारणाऱ्याला अभिज्ञान होते; जराला ते जवळ जाऊन पाहिल्यावर होते. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात तर तपस्वी मध्ये येतात आणि दुष्यंत बाण परत भात्यात ठेवतो. न सोडलेला बाण हा या प्रश्नाला मिळालेला सर्वांत निर्मळ प्रतिसाद. परंतु तेथेही हरणाच्या वतीने बोलायला कोणी माणूस लागतो.

हेमिंग्वेच्या 'फ्रान्सिस मॅकोंबर'च्या कथेत (१९३६) घायाळ जनावराला सोडून देता येईल का, हा प्रश्न थेट विचारला जातो. व्यावसायिक शिकारी विल्सन दोन कारणे देऊन तो निकालात काढतो: जनावर वेदनेत असणार, आणि दुसरा कोणी त्याच्या तावडीत सापडू शकेल. पण ते जनावर सिंह आहे. त्यामुळे वेदनेचा मुद्दा लवकरच मागे पडतो आणि कथा धैर्याची होते. सिंहाच्या जागी हरीण ठेवले, तर दुसरे कारण गळून पडते. जखमी हरीण कोणावर झेप घेत नाही, त्याच्यामागे न जाण्याने कोणी भित्रा ठरत नाही, सायंकाळी तळावर कोणी जाब विचारत नाही. उरते फक्त पहिले कारण. म्हणूनच कर्तव्याची खरी कसोटी सिंहाच्या नव्हे, तर हरणाच्या मागावर लागते.

मुळात शिकारच अनैतिक असेल, तर अचूकपणाची ही चर्चा म्हणजे हिंसेला चढवलेले अलंकार नव्हेत काय, असा आक्षेप घेता येईल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर शिकार वर्ज्य झालेल्या देशातील वाचकाला तो स्वाभाविक वाटेल. आक्षेपात तथ्य आहे: अचूक नेमाने मारणे न्याय्य ठरत नाही. परंतु मारण्याचा अधिकार जो स्वतःकडे घेतो, त्याची जबाबदारी त्या आक्षेपाने कमी होत नाही, उलट वाढते. मारणे अयोग्य मानणाऱ्यालाही तडफडत मारणे आणि क्षणात मारणे यांतला भेद नाकारता येणार नाही. हरणाच्या बाजूने पाहिले तर तो भेद फार मोठा आहे.

ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात प्रमादाला पूर्णत्व येते ते अभिज्ञानाने; इडिपसला आपण काय केले ते कळते. दशरथाला ते कळले, कारण बाण लागलेल्याने ते सांगितले. झाडीत शिरलेले हरीण काहीच सांगत नाही. त्याच्या मागे राहतात ते पानांवरचे काही थेंब: फेसाळ, फिकट तांबडे असतील तर फुप्फुसाचे, काळपट आणि चाऱ्याचे कण मिसळलेले असतील तर पोटाचे. एवढीच त्याची संहिता. ती वाचायला खाली वाकणे किंवा 'लागलीच नाही' म्हणून परत फिरणे, हे दोनच पर्याय शिकाऱ्यापुढे असतात. नेम कोणाचाही चुकू शकतो. त्याचा अर्थ ठरतो तो या दुसऱ्या क्षणी, पाहायला कोणी नसताना.