शंकासमाधान : पाचवं शील ते मोडतात, चौथं मी

शंका (लाखनी तालुका) : ताई, आम्ही बौद्ध आहोत. रोज सांजेला लेकरांना घेऊन वंदना घेते, पंचशील म्हणते. दोन एकर धानाची शेती आहे, सातबारा यांच्या नावानं. धानाचे चुकारे यांच्या खात्यात जमा होतात आणि दारूत जातात. मी रोवणीला, कापणीला मजुरीनं जाते, बचतगटात आहे, लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. मजुरीचे तीनशे मिळाले की यांना दोनशे सांगते आणि शंभर तांदळाच्या डब्यात खुपसते. पाचवं शील हे मोडतात, चौथं मी. मूर्तीसमोर हात जोडताना मनाला लागतं. मी खोटारडी आहे का?

समाधान : नाही ताई, तुम्ही खोटारड्या नाही. पण मन खातंय ते उगाच नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

खोटं बोलू नये असं चौथं शील सांगतं, कारण खोट्यानं दुसऱ्याचं नुकसान होतं, विश्वास तुटतो. तुमच्या शंभर रुपयांनी कुणाचं नुकसान झालं? लेकराची वही आली, घरात तेल आलं. तेच शंभर यांच्या हाती पडले असते तर पव्वा आला असता. शीलाचा हेतू पाहिला तर तुम्ही त्याच्या उलट वागलेल्या नाहीत. तरीही तुमचं दुखणं खरं आहे. रोजचं खोटं बोलणाऱ्यालाच पोखरतं. डब्यातल्या नोटेची राखण करता करता झोप उडते, आणि हे तांदूळ काढायला उठले तरी छातीत धस्स होतं.

म्हणून माझं सांगणं असं, की खोटं सोडा, शंभर सोडू नका. डब्यातले पैसे तुमच्या एकटीच्या नावच्या खात्यात किंवा गटाच्या बचतीत टाका. एटीएम कार्ड आणि त्याचा नंबर घरात कुणालाही देऊ नका. मग एखाद्या सकाळी, यांचं डोकं ठिकाणावर असताना, शेण-पाणी उरकल्यावर सरळ सांगा : माझी मजुरी आणि योजनेचे पैसे माझ्या खात्यात राहतील, त्यातून मीठ-मिरची आणि शाळा चालेल, दारूला त्यातलं काही मिळणार नाही. रात्री पिऊन आल्यावर हा विषय काढूच नका, तेव्हा समोरचा माणूस ऐकण्याच्या स्थितीत नसतो.

पण सांगितल्यावर हात उगारला जाईल अशी भीती असेल तर काही सांगू नका. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. जीव सांभाळून गप्प बसणाऱ्या बाईला कोणताही धर्म दोष देत नाही.

चुकाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात मला तेच जास्त खुपलं. तुम्ही लिहिलंत, 'धानाचे चुकारे यांच्या खात्यात जमा होतात'. बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे कुणी खोचले? सातबाऱ्यावर नाव एकाचं असलं तरी त्या धानात घाम दोघांचा आहे. खरेदी केंद्रावर धान जाण्याआधीच वर्षभराचं खायचं धान घरात काढून ठेवायला लावा, आणि चुकारे जमा झाले की शाळेचे पैसे आधी वेगळे काढायचे हे सासऱ्यांसमोर किंवा तुमच्या भावासमोर ठरवून घ्या. चारचौघांत दिलेला शब्द घरात दिलेल्या शब्दापेक्षा टिकतो. आणि तरीही घरखर्च अडवून ठेवला, तुमची मजुरी हिसकावली, डोरलं नेऊन गहाण टाकलं, तर कायदा त्याला अत्याचारच म्हणतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीसोबत आर्थिक छळही लिहिलेला आहे. दाद संरक्षण अधिकाऱ्याकडे मागता येते. 181 हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो.

1954 मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले, हे तुमच्याकडची म्हातारी माणसं अजून हळहळून सांगतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आली. ती नवरा-बायको दोघांची आहे. वंदनेला यांनाही हाक मारा. बसले तर बसले. नाही बसले तर त्यांच्या वाटचा अपराध तुम्ही आपल्या ओटीत घेऊ नका.

शंका (मोहाडी तालुका) : आम्ही परमात्मा एक मार्गातले सेवक. यांनी दोनदा भगवंतासमोर दारू सोडली आणि दोनदा परत धरली. जाऊबाई म्हणतात, तुझीच श्रद्धा कमी पडते. शेजारची एक गोळी आणून देते म्हणाली, भाजीत कालवून द्यायची, सांगायचं नाही. देऊ का?

समाधान : देऊ नका. हे आधी सांगते, कारण यात जिवाला धोका आहे. अशी एक गोळी असते की ती पोटात असताना दारू प्याली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. डॉक्टर ती रुग्णाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनं देतात. न सांगता भाजीतून दिली, आणि हे नेहमीसारखे मोहाची घेऊन आले, तर काय होईल विचार करा. शिवाय हे कळल्यावर तुमच्या हातचं जेवायला ते कायम बिचकतील.

श्रद्धेचं म्हणाल तर तुमच्या मार्गाच्या बाबा जुमदेवांनी सत्य, मर्यादा आणि प्रेम यांवर भर दिला, आणि या मार्गानं भंडारा-नागपूरकडची कितीतरी घरं दारूतून बाहेर आली. त्या घरांत मीही जेवले आहे. पण शब्द देऊन तो मोडला गेला, यात तुमच्या श्रद्धेचा काय संबंध? दारूचं व्यसन हा आजार आहे आणि तो उलटतो, एकदाच नव्हे, कधी कधी चार वेळा उलटतो. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हापासून तिथं व्यसनी माणसाला रुग्ण मानून वागवतात, आणि त्याच्या बायकोलाही आधार लागतो हे धरून चालतात. भगवंतासमोरचा शब्द राहू द्या, त्याला उपचाराची जोड द्या. सत्य पाळायचं तर एक करा : उद्यापासून यांच्या दारूवर पांघरूण घालणं बंद करा. कामावर 'ताप आलाय' असा निरोप पाठवू नका, दुकानदाराची उधारी फेडू नका. जाऊबाईंना म्हणा, पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत चला.

शंका (तुमसर) : मी पुरुष आहे, तरी लिहितो. राईस मिलमधलं काम सुटलं. बायको नर्स आहे, पगार तिचा. बिडी-काडीलाही तिच्यापुढे हात पसरावा लागतो. हात पसरला की संध्याकाळी प्यावीशी वाटते, आणि प्यायली की दुसऱ्या दिवशी आणखी पैसे लागतात. घरात माझा मान उरला नाही. काय करू?

समाधान : भाऊ, तुम्ही लिहिलंत याचा मला खूप आनंद झाला. मान पगारानं जातो असं तुम्हाला वाटतं. तुमच्या बायकोला विचारून पाहा. रात्रपाळीहून आल्यावर चूल पेटलेली, लेकरं आंघोळ करून बसलेली दिसली तर तिला काय वाटेल, आणि दारात तुम्ही लवंडलेले दिसता तेव्हा काय वाटतं. ती खरं सांगेल.

पैशाचं एक करा. दर महिन्याला ठरावीक रक्कम खर्चाला द्यायची, असं दोघांनी बसून ठरवा, म्हणजे रोज हात पसरावा लागणार नाही. सध्या ती रक्कम किराणा आणि भाजीची असू द्या, हिशेब तुम्ही लिहा. घर चालवणं हेही काम आहे. तुमची आई ते जन्मभर करत आली असेल आणि तिचा मान तुम्ही कधी कमी धरला नसेल.

आणि दारू एकदम सोडू नका. रोज पिणाऱ्यानं अचानक बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. बायको नर्स आहे, तिला हे ठाऊक असेल. तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात जा. जायची लाज वाटली तर आधी 14416 वर फोन करा, मनाच्या आजारांसाठीचा हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी किती पिता विचारलं की अर्धं करून सांगू नका, औषध त्यावर ठरतं.